अर्धी गोष्ट ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ची

ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि लोकलच्या गर्दीत खिशातून हेडफोन काढायलाही जागा नाही म्हणून जे हा भाग वाचतायत, त्यांचंही.

“सकाळी लावायला काहीतरी शांत सांगा, शब्द नकोत, चहा उकळेपर्यंत कोणाशी बोलावंसं वाटत नाही” अशी फर्माईश तुमच्याकडून बऱ्याचदा येते. आज एकच अल्बम सांगतो. ब्रायन ईनो या इंग्रज माणसाचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’, साल १९७८. नाव ईनोच आहे, पोटाच्या पावडरीशी काही संबंध नाही. हा विनोद एकदाच करून संपवतो.

फोनवर ‘सकाळ’, ‘शांतता’, ‘फोकस’ अशा नावांच्या याद्यांत हा अल्बम हमखास सापडतो. पण तो काही नुसतं छान वाटावं म्हणून केलेला नाही. विमानतळावर बसलेल्या, आतून थोड्या घाबरलेल्या माणसासाठी तो केलाय. आणि त्याच्या जन्माची जी गोष्ट सगळीकडे सांगतात ना, ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी एका बाईनं सांगितली, आणि ती कमी लोकांपर्यंत पोचली.

आधी अल्बमबद्दल. एकूण चार तुकडे, पाऊण तासाहून थोडं जास्त. नावं म्हणाल तर १/१, २/१, १/२ आणि २/२. फोनवर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी फाइलला नाव द्यायचं विसरलंय. पण हा रेकॉर्डच्या तबकडीचा हिशोब आहे. पहिल्या बाजूचा पहिला तुकडा, पहिल्या बाजूचा दुसरा, असा. १/१ मध्ये पियानो आहे, २/१ मध्ये फक्त माणसांचे आवाज, १/२ मध्ये आवाज आणि पियानो दोन्ही, आणि २/२ मध्ये सिंथेसायझर. ढोल नाही, ताल नाही, गाणं कुठे पोचतंय असंही वाटत नाही. ‘अँबियंट’ हा शब्द आज आपण सर्रास वापरतो. तो संगीताच्या प्रकाराचं नाव म्हणून रुजवला या अल्बमनं. याच्या पुठ्ठ्यावर ‘अँबियंट १’ असा क्रमांक छापलेला होता.

आता माणूस. ईनो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रॉक्सी म्युझिक’ या बँडमध्ये होता. पिसं, मेकअप, चकचकीत कपडे, सगळा थाट. तो स्वतःला ‘नॉन-म्युझिशियन’ म्हणवून घ्यायचा. वाद्य वाजवण्यापेक्षा सिंथेसायझरची बटणं फिरवणं आणि टेपरेकॉर्डरशी खेळणं ही त्याची आवड. १९७३ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. पुढे ‘विंडोज ९५’ सुरू होताना जो आवाज यायचा, तोही त्यानंच केला. घरात जुना कॉम्प्युटर असेल तर तुम्ही ईनो आधीच ऐकलेला आहे.

आणि आता ती गोष्ट. १९७५ चा जानेवारी. लंडनमध्ये ईनोला टॅक्सीनं उडवलं. हॉस्पिटलातून घरी आला, पलंगावर पडून. ज्युडी नायलन नावाची मैत्रीण भेटायला आली आणि जुन्या हार्पच्या संगीताची एक रेकॉर्ड घेऊन आली. ईनोचं म्हणणं असं: ती गेल्यावर मोठ्या कष्टानं उठून रेकॉर्ड लावली, परत आडवा झालो, तेव्हा लक्षात आलं की आवाज फारच लहान ठेवलाय आणि स्टिरिओची एक बाजू बंद आहे. उठून दुरुस्त करायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस. हार्पचे सूर त्या पावसात मधूनच वर यायचे, मधूनच बुडायचे. आणि त्याला साक्षात्कार झाला की संगीत असंही ऐकता येतं, जसा खोलीतला उजेड असतो, जसा पावसाचा आवाज असतो तसं. त्याच वर्षी आलेल्या ‘डिस्क्रीट म्युझिक’ या रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर त्यानं हे छापलं. तेव्हापासून अँबियंटवरचा जवळजवळ प्रत्येक लेख, प्रत्येक व्हिडिओ इथूनच सुरू होतो.

नायलनची आठवण वेगळी आहे. ती स्वतः कलाकार. अमेरिकेतून लंडनला आलेली, पुढे ‘स्नॅच’ नावाच्या जोडीतली गायिका. ती सांगते की लेस्टर स्क्वेअरला धो धो पाऊस पडत होता, तिथे ट्यूब स्टेशनमागच्या एका टपरीवरून तिनं ती रेकॉर्ड घेतली. ईनोच्या खोलीत तिनंच ती लावली. जिथे उभी होती तिथून तिनं आवाज पावसाशी जुळवला. ती काय करतेय हे ईनोला लगेच कळलं, आणि तो पडल्या जागी जसं ऐकू येत होतं त्याप्रमाणे दोघांनी मिळून पावसाची टपटप आणि तारांचा क्षीण आवाज एका पातळीवर आणले. चुकून काही झालं नाही, हे ती स्पष्ट सांगते.

दोन्ही गोष्टींत पाऊस आहे, हार्प आहे, पलंगावरचा माणूस आहे. मग फरक काय? पहिल्या गोष्टीत ज्युडी कुरिअरवाल्यासारखी येते, पार्सल देते आणि जाते. उरतो एकटा माणूस, बिघडलेलं यंत्र आणि साक्षात्कार. न्यूटनच्या डोक्यावरच्या सफरचंदासारखी गोष्ट आहे ही, सांगायला सोपी. दुसऱ्या गोष्टीत साक्षात्कार नाही. दोन माणसं कान देऊन, नॉब थोडा इकडे थोडा तिकडे करत, बाहेरच्या आवाजासाठी जागा सोडतायत. आता मला सांगा, अँबियंट संगीत म्हणजे नेमकं काय? बाहेरच्या आवाजासाठी जागा सोडणं! म्हणजे नायलन सांगते ती अर्धी गोष्ट किरकोळ दुरुस्ती नाही, मूळ कल्पनाच तिच्यात आहे. ईनो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. अंगात वेदना असताना कोणाच्या काय लक्षात राहील, सांगता येत नाही. पण दोन साक्षीदार असताना इतिहासानं एकाचंच ऐकलं, हे मात्र खरं. आणि ऐकलं ते कोणाचं, हेही बघण्यासारखं आहे.

कोणी न ऐकण्यासाठी संगीत करायचं, ही कल्पना तोवर काही नवी नव्हती. पॅरिसमध्ये एरिक साती या संगीतकारानं १९१७ च्या सुमारास ‘फर्निचर संगीत’ असं नाव काढलं होतं. खोलीत टेबल-खुर्ची असते तसं संगीत असावं, त्याच्याकडे टक लावून कोणी बघू नये. १९२० मध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात प्रयोग झाला. वादक ठिकठिकाणी बसवले, वाजवायला सुरुवात झाली, आणि पब्लिक लगबगीनं आपापल्या जागेवर येऊन गप्प बसलं! साती बिचारा फिरून फिरून सांगतोय, अहो बोला, हिंडा, ऐकू नका. कोणी ऐकेना. म्हणजे, सगळे ऐकायलाच लागले.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. जॉर्ज स्क्वायर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं तारेवरून संगीत घरोघरी, दुकानोदुकानी पोचवायची पद्धत काढली. त्यातून १९३४ मध्ये ‘म्युझॅक’ हे नाव आलं, म्युझिक आणि कोडॅक जोडून. लिफ्टमध्ये, कारखान्यात, ऑफिसात हे गुळगुळीत संगीत वाजायला लागलं. पुढे त्यांनी त्याचा चक्क तक्ता केला. पंधरा मिनिटांचा एक गठ्ठा, त्यात प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा थोडा जास्त उत्साही, मग तेवढीच शांतता. उद्देश साधा होता, की कामगार पेंगू नये. आज फोनवर ‘प्रॉडक्टिव्हिटी’ नावाची यादी लावता ना, तिची ही आजी.

ईनोला म्युझॅकचा राग होता, पण त्याचं कारण ‘पार्श्वसंगीत म्हणजे हलकं’ एवढंच नव्हतं. त्याचा मुद्दा मला फार पटतो. जागेतला सगळा संशय, सगळी अनिश्चितता पुसून टाकायची आणि सगळीकडे एकसारखा गोडवा फासायचा, हे म्युझॅकचं काम. ईनोला तो संशय तसाच ठेवायचा होता. मन शांत व्हावं, विचाराला जागा मिळावी, पण मनातलं खरं काही झाकलं जाऊ नये. या अल्बमसोबत त्यानं एक छोटं टिपण छापलं. त्यात त्याची अट अशी की हे संगीत लक्ष देऊन ऐकलं तर त्यात काही सापडावं, आणि दुर्लक्ष केलं तर त्यानं तक्रार करू नये.

मग विमानतळ कुठून आला? जर्मनीतल्या कोलोन-बॉनच्या विमानतळावरून. ईनो तिथे थांबला होता. सत्तरच्या दशकातली, रविवारची स्वच्छ सकाळ, गर्दी नाही, काचेतून ऊन आत आलेलं. इमारत पाउल श्नायडर-एस्लेबेन या वास्तुशिल्पकाराची, अतिशय देखणी. (त्याचा मुलगा फ्लोरिआन म्हणजे ‘क्राफ्टवेर्क’ या इलेक्ट्रॉनिक बँडच्या दोन संस्थापकांपैकी एक. घरच एकेक भारी!) आणि या सगळ्या देखणेपणात स्पीकरवर काहीतरी टुकार वाजत होतं. ईनोच्या मनात आलं, इमारतीवर एवढा विचार केला, मग इथे वाजणाऱ्या संगीतावर कोणीच का केला नाही?

त्यानं अटी घातल्या, एखाद्या इंजिनिअरसारख्या. मध्येच अनाउन्समेंट झाली तरी संगीत बिघडू नये. माणसं ज्या पट्टीत बोलतात त्या पट्टीपासून आणि बोलण्याच्या वेगापासून ते वेगळं असावं, म्हणजे गप्पांमध्ये अडथळा नको. विमानतळाचे आपले आवाज असतात, तेही त्यात मावले पाहिजेत. आणि शेवटची अट सगळ्यात वेगळी. लोक इथे उडायला आलेत, आणि उडताना प्रत्येकाच्या मनात कुठेतरी मरणाचा विचार येऊन जातो. त्या विचाराशी या संगीताचं नातं असावं. विमानतळावरचं नेहमीचं संगीत ‘काही होणार नाही हो’ म्हणत हसत राहतं, आणि त्यानंच माणूस जास्त घाबरतो. ईनोला असं संगीत हवं होतं की ते ऐकताना वाटावं, आपण गेलो तरी जग चालूच राहील, आणि हे काही एवढं भयंकर नाही.

सकाळी ७ वाजता चहासोबत हे फार होतंय का? पण १/१ लावून बघा. त्यातला पियानो आनंदी आहे की उदास, मला दहा वर्षांत ठरवता आलेलं नाही.

तो पियानो रॉबर्ट वायटचा. वायट मुळात ड्रमर, ‘सॉफ्ट मशीन’ बँडचा. १९७३ मध्ये खिडकीतून पडला, कमरेखालचं शरीर गेलं, व्हीलचेअरवर आला. पायाचे ड्रम सुटले, मग गाणं आणि कीबोर्ड जास्त हाताळायला लागला. स्टुडिओत काही वादक वाजवत होते, तेही एकमेकांचं नीट ऐकू न येता. ईनोला नंतर टेप ऐकताना एक छोटा तुकडा सापडला, ज्यात पियानोचे सूर आपोआप छान जुळले होते. त्यानं तेवढाच कापला, त्याची लूप केली, आणि अर्ध्या वेगानं चालवली. वेग अर्धा केला की सूर एक सप्तक खाली येतो, आणि सुराची सुरुवातीची टोचणी जाऊन तो मऊ होतो. तुम्ही ऐकता तो पियानो खऱ्या पियानोपेक्षा थोडा झोपाळू वाटतो, तो यामुळे. या तुकड्याचं श्रेय ईनो, वायट आणि ऱ्हेट डेव्हिस या तिघांच्या नावावर आहे, हे चांगलं झालं.

२/१ त्याहून गमतीशीर आहे. क्रिस्टा फास्ट, क्रिस्टीन गोमेझ आणि इंगे त्साइनिंगर या तिघी गायिका आणि स्वतः ईनो. शब्द नाहीत, फक्त ‘आ’. प्रत्येक सूर लांबवलेला. रेकॉर्ड झालेल्या प्रत्येक सुराची ईनोनं वेगळी टेप-लूप केली. म्हणजे टेपचं एक टोक दुसऱ्याला चिकटवायचं आणि ते लांबलचक वेटोळं मशीनमधून फिरत ठेवायचं. जर्मनीत कॉनी प्लांक नावाचा अफलातून रेकॉर्डिंग इंजिनिअर होता, ‘क्राफ्टवेर्क’च्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्समागचा माणूस. त्याच्या स्टुडिओत ही वेटोळी इतकी लांब झाली की ॲल्युमिनियमच्या नळीच्या खुर्च्यांना वळसे घालून फिरवावी लागली. डोळ्यांसमोर आणा: खोलीभर खुर्च्या, आणि त्यांच्या पायांभोवती सरकणारी टेप.

खरी युक्ती पुढे आहे. प्रत्येक लूपची लांबी वेगळी. ईनोनं नंतर एका भाषणात तीन आकडे अंदाजे सांगितले: एक सूर दर साडेतेवीस सेकंदांनी येतो, दुसरा २५ पूर्णांक ७/८ सेकंदांनी, तिसरा २९ पूर्णांक १५/१६ सेकंदांनी. सिग्नलला पुढच्या दोन गाड्यांचे इंडिकेटर बघितलेत? थोडा वेळ बरोबर लुकलुकतात, मग पुढेमागे होतात, मग पुन्हा जुळतात. तेच इथे.

आता शाळेतला लसावि आठवा. मी कागदावर करून बघितला. पहिले दोन सूर एकदा एकत्र सुरू झाले तर पुन्हा एकत्र कधी येतील? सुमारे ८१ मिनिटांनी. म्हणजे अख्खा अल्बम संपला तरी नाही. आणि तिन्ही? जवळजवळ २७ दिवसांनी! रेकॉर्डवर या तुकड्याची आपल्याला जेमतेम नऊ मिनिटं मिळतात. महिनाभर स्वतःला न गिरवणाऱ्या गोष्टीतली नऊ मिनिटं. म्हणून तो ऐकताना ओळखीचा वाटतो, पण पुढे काय येणार ते सांगता येत नाही. मघाचा तो ‘संशय’ असा गणितातून येतो.

ही युक्ती ईनोला सापडली स्टीव्ह राइशकडून. १९६५ मध्ये या अमेरिकन संगीतकारानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाचा आवाज दोन टेपरेकॉर्डरवर एकदमच लावला. दोन्ही मशीनचा वेग किंचित वेगळा, त्यामुळे तेच शब्द हळूहळू एकमेकांपासून सुटत गेले. तो उपदेशक नोहाच्या प्रलयाबद्दल बोलत होता. म्हणजे इथेही पाऊसच, बघा. आणि इथेही यंत्राची खोड होती, पण ती ऐकून ‘राहू दे’ म्हणणारा माणूस होता, म्हणून संगीत झालं.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणणारच: हे तर आपल्या तानपुऱ्यावरून घेतलंय! नाही हो, सरळ रेषेत नाही. पण एक धागा आहे. ला माँट यंग आणि टेरी रायली हे एकच सूर तासन् तास धरणारे, एकच नक्षी परत परत वाजवणारे अमेरिकन संगीतकार. त्यातल्या यंगची एक रचना ईनोनं विद्यार्थिदशेतच वाजवली होती. हे दोघे १९७० पासून पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले, अगदी गुरूच्या घरची कामं करण्यापर्यंत. प्राणनाथ किराणा घराण्याचे. म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेब ज्या घराण्याचे आणि जे मिरजेत स्थायिक झाले, भीमसेनजी ज्या घराण्याचे, तेच. पण ईनोनं वाजवलेली ती रचना यंगनं प्राणनाथ भेटण्याच्या दहा वर्षं आधीच केली होती. त्यामुळे मालकी सांगायला जाऊ नका. शेजारधर्म म्हणा हवं तर.

अल्बम विमानतळावर वाजला का? वाजला. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या मरीन एअर टर्मिनलमध्ये थोडा काळ. आणि १९९८ मध्ये ‘बँग ऑन अ कॅन’ या गटानं अख्खा अल्बम खऱ्या वाद्यांवर बसवला आणि ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर वाजवला. खुर्च्यांभोवती फिरणाऱ्या टेपनं जे आपोआप केलं होतं, ते माणसांनी स्वरलिपीत लिहून, मोजून मोजून वाजवलं. मला ती आवृत्ती मूळ अल्बमपेक्षा जरा जास्त हळवी वाटते. पण एक मात्र आहे, तिच्यात वादकांचा श्वास लागतो, आणि तो मूळ अल्बममध्ये नाही.

‘अँबियंट’ मालिकेचे पुढे आणखी तीन भाग आले. त्यातला तिसरा लाराजीचा, हा माणूस ईनोला न्यूयॉर्कच्या बागेत डोळे मिटून झिदर वाजवताना सापडला. त्यावर एक वेगळा भाग करू.

आता ऐकायचं कसं. माझी सूचना अशी, की हेडफोन लावू नका. हेडफोन बाहेरचं जग बंद करतात, आणि हा अल्बम बाहेरच्या जगासकट ऐकायचा आहे. फोन किंवा छोटा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि १/१ लावा. मग आवाज कमी करत जा, खालची रिक्षा, कुकरची शिट्टी, कावळा आणि पियानो एकाच पातळीवर येईपर्यंत. हे ज्युडी नायलननं १९७५ मध्ये केलं होतं, पाऊस धरून. तुमच्याकडे पाऊस नसेल तर पंखा चालेल.